क्षारतेचा थर बंद होता

११ जानेवारी २०२५, शनिवार

दिशाचा हुकूम आहे की कामाच्या नोंदवहीत फक्त काम लिहायचं, फुशारकी आणि रडगाणी दुसरीकडे. म्हणून ही दुसरी वही.

फुशारकीने सुरुवात करतो. पंधरा वर्षं मुंबईच्या एका कंपनीत समुद्राखालच्या खडकांची त्रिमिती चित्रं केली. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि बोईसरला हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली घेतली. कॉलेजातली मैत्रीण दिशा भागीदार झाली. ती उमरोळीची, पायाला भिंगरी. विहिरी-विहिरींवर हिंडून ती मोजमापं आणते, मी संगणकावर जमिनीच्या पोटाचं चित्र उभं करतो. लोक ‘ललित चुरी, भूवैज्ञानिक’ ही पाटी वाचून मला भूत-भविष्य सांगणारा समजतात आणि हस्तरेषा बघून घ्यायला वर येतात, ती गोष्ट वेगळी.

आणि पहिलं मोठं काम कुणाचं, तर आमच्याच आळीचं. केळव्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमची आळी. शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांसाठी घरोघरी खोल्या निघाल्या, पाणी पुरेनासं झालं. आळीच्या पाणी समितीला एक बोअर मारायची आहे. ती कुठे मारायची, हे मी सांगायचं. चुकीच्या जागी मारली तर खाडीचं खारं पाणी आत ओढलं जाईल आणि गोड विहिरी नासतील. समितीचे प्रदीपदादा हेच मला तीनदा समजावत होते, जणू मला ठाऊकच नाही.

दिशाने एकतीस विहिरी मोजल्या. सगळ्यांत गोड निघाली आमच्या शेजारच्या दमयंतीकाकूंची. क्षार मोजायच्या मीटरवर आकडा सहाशेच्याही खाली. काकू दिशाला म्हणाल्या, "अख्खी आळी डाळीला माजं पाणी नेते. मीटर कशाला लावते गं?" त्याच पाण्यावर त्यांचा पानमळा आहे. काका गेल्यापासून तो त्या एकट्या सांभाळतात.

१९ जानेवारी, रविवार

चित्र उभं राहिलं. वर पिवळी वाळू, खाली तपकिरी चिकणमाती, मग झिजलेला खडक आणि त्यात निळा पाण्याचा थर, तळाला काळा कातळ. उभी उंची दहापट ताणलीय, नाहीतर सगळे थर पापडासारखे चपटे दिसतात. विहिरी म्हणजे वरून खुपसलेल्या काड्या.

थरांची यादी पडद्याच्या डाव्या हाताला असते. प्रत्येक नावापुढे छोटा डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो मिटतो आणि तेवढा थर चित्रातून जातो. नवव्या ओळीवर दिशाने केलेला क्षारतेचा थर आहे, लाल आणि अर्धपारदर्शक. तो चालू असला की आमचा जुना लॅपटॉप धापा टाकतो. चित्र फिरवायला जावं तर मध्येच अडकतं. मी त्याचा डोळा मिटून टाकला आणि चित्र कसं लोण्यासारखं फिरायला लागलं.

संध्याकाळी आळीतल्या आमच्या वाडीवर गेलो होतो तेव्हा रामनाथकाका आले. बाबांचे दोस्त, पंच्याहत्तरीचे. पंचक्रोशीतले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतात, जिथे तो उभा राहतो तिथे पाणी. मी कधी त्यांची थट्टा केली नाही आणि कधी विश्वासही ठेवला नाही. चित्र पाहून म्हातारा हरखला. लॅपटॉपच्या पडद्यावर बोट फिरवून म्हणाला, "अरे, हे तर पोटात शिरून बघितल्यासारखं हाय. आनि खारं पाणी? ते कुठं हाय?"

मी म्हटलं, "दिसत नाहीये ना काका? इथे निळंच आहे सगळं."

त्या क्षणी मला खरोखर आठवलं नाही की तो थर मीच बंद केलाय. निदान असं मी स्वतःला सांगतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर देवळापुढच्या मांडवात पडदा लावून चित्र दाखवलं. बायका, म्हातारे, सगळी आळी. चित्र फिरवलं की "आँ!" असा आवाज यायचा. देवळामागच्या मोकळ्या जागेवर मी चित्रात एक गोल काढला, मग तोच जमिनीवर आखला. तिथे निळा थर सर्वांत जाड.

प्रदीपदादा म्हणाले, "आता काका, तुमी नारळ फिरवा. दोगांचं जुळलं तर जुळलं." ही आमच्या आळीची रीत. बोअर असो की विहीर, काकांचा नारळ उभा राहिल्याशिवाय कुदळ पडत नाही. मला जरा झोंबलं. माझ्या एवढ्या चित्रानंतर नारळ!

काका माझ्या गोलात दोन फेऱ्या चालले. तिसऱ्या फेरीला, खाडीच्या बाजूच्या कडेला थांबले, आमच्याकडे पाठ होती. मग वळून म्हणाले, "उभा रायला." टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. आज मी फार खूश आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

लिहायला हात होत नाही. पण कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

काल पाठवलेल्या अहवालाला जोडायला चित्राचे उभे काप काढत होतो. यादीवर नजर गेली. नवव्या ओळीचा डोळा मिटलेला. अहवाल काढताना ‘फक्त चालू थर घ्या’ या चौकटीत खूण होती, आणि पाण्याचा थर कुठे वापरण्याजोगा आहे हे गणितही संगणकाने चालू थरांवरूनच केलं होतं. म्हणजे त्याच्या लेखी खारं पाणी जगात नव्हतंच.

डोळा उघडला. लाल रंग खाडीकडून जिभेसारखा आत आला, थेट माझ्या गोलाच्या खाडीकडच्या अर्ध्यापर्यंत. काकांनी जिथे पाय रोवला त्याच्या बरोबर खाली.

फोन उचलला. त्यावर प्रदीपदादांचा निरोप आधीच येऊन पडला होता: ‘बोअरची गाडी सांगितली. अहवाल पोचला. आळीत तुझंच नाव चाललंय.’ मी फोन खाली ठेवला. अजून भोक पडलेलं नाही. एक फोन, दोन वाक्यं, आणि सगळं थांबतं. हे मला कळतंय आणि मी फोन करत नाहीये.

संध्याकाळी दिशाचा वापीहून फोन आला. तिच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, दोन-तीन आठवडे ती तिकडेच. तिने विचारलं, "क्षारतेचा थर चालू करून जागा तपासलीस ना?"

"तपासली की."

इतक्या सहज निघालं तोंडातून. मला माझीच लाज वाटली, आणि तरी पुढचं वाक्य मी हसून बोललो.

मग मनाशी मांडणी केली. लाल थर नऊच खोल मोजमापांवर बेतलेला आहे, चूकही असेल. आणि शिवाय काकांचा नारळही तिथेच उभा राहिला की! मी एम.एस्सी. झालेला माणूस, आज नारळाच्या आडोशाला लपलो.

९ फेब्रुवारी, रविवार

बोअर लागली. बावीस मीटरवर पाणी, आणि गोड! पहिली ओंजळ काकांना, दुसरी मला. मी ती ओंजळ प्यालो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होताच. मी वाचलो होतो. लाल थर चुकीचा होता, मी बरोबर, असं रस्ताभर स्वतःला सांगत बोईसरला आलो.

पण मीटर खिशात होता. तो मी पाण्यात बुडवला नाही. गोड लागतंय, मग कशाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पंप रोज आठ तास चालतो, असं प्रदीपदादा अभिमानाने सांगत होते. गोड पाणी वर तरंगतं, खारं खाली असतं, आणि वरून जोरात ओढलं की खालचं वर येतं. हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवू शकेन. दादांना मी म्हटलं, "वा."

२३ मार्च, रविवार

दमयंतीकाकूंकडे जेवलो. म्हातारपण आलंय त्यांना. डाळ अशी कच्ची, दाणा दाताखाली येत होता. पूर्वी त्यांच्या हातची डाळ नुसती पळीने ढवळली तरी विरघळायची. त्याच म्हणाल्या, "आज डाळ शिजलीच नाय नीट. दोन दिस झाले, असंच होते. डाळच जुनी असेल." मी म्हटलं, "छान झालीय काकू, वाढा अजून." जेवून निघालो तेव्हा त्या उन्हातच पानमळ्याला पाणी घालायला लागल्या होत्या. मी हात केला, त्यांनी झारी वर करून दाखवली. एकटीचा जीव, पण काय उत्साह.

१३ एप्रिल, रविवार

बोअरचं पाणी मचूळ झालं.

मुंबईचे पाहुणे चहा टाकून देतात म्हणे. आळी चिडलीय, आणि चिडली कुणावर, तर रामनाथकाकांवर. मी मांडवात पोचलो तेव्हा त्यांना मधे बसवून सगळे बोलत होते. "पोराने गोल बरोबर काढला होता. कम्पूटर कवा चुकतो काय? म्हाताऱ्याचा हात हलला. दहा हात आत उभा रायला असता तर गोड लागली असती." कुणी तरी हसत म्हणालं, "काका, आता नारळ खोबऱ्यालाच ठेवा."

काका माझ्याकडे बघत नव्हते. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हो. माजाच हात चुकला. वय झालं."

मी तिथे होतो. सहा पावलांवर. तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. कुणीतरी मला खुर्ची दिली आणि मी बसलो. बसलो! पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या एका वाक्यात टाकून दिली त्या माणसाने, आणि मी खुर्चीवर. मला वाटतं वयामुळे काकांना खरंच हात चुकल्यासारखं वाटत असावं.

येताना काकूंच्या मळ्यावरून आलो. पानं पिवळी पडलीत, खालच्या वेली सुकल्यात. यंदा ऊन फार आहे. काकू सकाळचं पाणी घालून संध्याकाळचं भरत होत्या.

(एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग डाळ आठवली. ती डाळ काकूंच्या विहिरीच्या पाण्यात शिजवलेली. मचूळ पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. मी ताटावर बसून पाहिलं आणि मला कळलं नाही. देवा.)

२० एप्रिल, रविवार

प्रदीपदादा आज बोईसरच्या ऑफिसात चढून आले. पेढे घेऊन! आळीने दुसरी बोअर मारायचं ठरवलंय. त्याच गोलात, जरा आत, आणि या वेळी नारळ नाही, फक्त माझं चित्र. ४ मेला मांडवात बैठक आहे. "तू जागेवर बोट ठेव, आमी डोळे मिटून खोदतो," म्हणाले.

दुसरी बोअर म्हणजे लाल जीभ अजून आत. काकूंच्या विहिरीनंतर आमची, मग पुढच्या सगळ्या. मला हे स्वच्छ दिसतंय. दादांना मी म्हटलं, "बघतो." त्यांनी ते हो म्हणूनच घेतलं.

पेढा खाल्ला. का खाल्ला कुणास ठाऊक.

२४ एप्रिल, गुरुवार

दिशा आज दुसऱ्या बोअरसाठी फाईल उघडायला बसली. मी चहा आणायला गेलो, चहा नको असताना. परत आलो तर ती पर्स घेऊन निघून गेली होती. लॅपटॉप उघडा होता, शेजारी माझा जानेवारीचा अहवाल, ज्यात लाल कुठेच नाही. नवव्या ओळीचा डोळा उघडलेला, लाल रंग पडदाभर. आणि थराचं नाव तिने बदललं होतं. ‘क्षारता’ पुसून लिहिलं होतं: ‘ललितने बंद केलेला’.

ते नाव मी तीनदा बदलायला गेलो. नाही बदललं. तिचा फोन लागत नाही.

२७ एप्रिल, रविवार

दिशा उमरोळी स्टेशनवर भेटली. मी बोलायला सुरुवात केली की लॅपटॉप जुना, थर जड, तर तिने हात वर केला. "बंद केलास ते मी समजू शकते. माझ्याकडूनही झालं असतं. अठ्ठावीस जानेवारीला मी विचारलं होतं. तेव्हा?"

मी फलाटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"४ तारखेला तू सांगणार की मी सांगू?"

"मी."

"काकांना आधी सांग," ती म्हणाली आणि पूल चढून गेली.

१ मे, गुरुवार

रामनाथकाकांकडे गेलो. ते ओट्यावर सुपाऱ्या निवडत होते. एका दमात सगळं सांगून टाकलं, पायांकडे बघत. काका शिव्या देतील, हाकलतील, रडतील, काहीही चालणार होतं.

त्यांनी एक किडकी सुपारी बाजूला टाकली. मग म्हणाले, "नारळ उभा रायलाच नव्हता."

मला कळेना.

"तिथं आडवाच होता. त्या अख्ख्या गोलात आडवाच. पन तू मला तुजं चित्र दावलं होतं. मी खारं विचारलं, तू म्हनला दिसत नाय. मी म्हटलं, म्हातारा झालो, आता नारळबी माजं ऐकत नसेल. पोर एवढा शिकलेला, तो कशाला चुकल? तुज्या बापाचं तोंड आठवलं. म्हटलं, पोराचा पयलाच धंदा, लोकांदेखत नाय कसं म्हनू? म्हून पाठ केली आनि उभा रायला म्हटलं."

"मग तेरा एप्रिलला मांडवात तुम्ही ऐकून का घेतलंत?"

"खोटं बोललो होतो ना मी. मग ऐकायलाच पायजे."

एवढं सरळ. खोटं बोललो म्हणून ऐकून घेतलं. माझ्या आळीने दोन पहारेकरी बसवले होते. दुसऱ्याने पहिल्यावर विश्वास ठेवला, आणि पहिला झोपेचं सोंग घेऊन पडला होता. मी काकांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "माज्या पाया पडून काय? माजी हीर नाय गेली, तिचं पाणी गोडच हाय."

४ मे, रविवार

पडदा तोच, मांडव तोच. गर्दी जास्त. दिशा मागे उभी होती, जवळ आली नाही.

मी चित्र लावलं आणि नववा थर चालू केला. लॅपटॉप अडकत अडकत चालला, मी अडकू दिला. म्हटलं, "हे लाल म्हणजे खारं पाणी. हे जानेवारीतही होतं. मी ते बंद करून तुम्हाला चित्र दाखवलं. आधी चुकून. पण अठ्ठावीस जानेवारीला मला कळलं होतं, बोअर मारायच्या बारा दिवस आधी. मी सांगितलं नाही. काकांचा काही दोष नाही. दुसरी बोअर मारू नका आणि पहिलीचा पंप आजच बंद करा."

वाटलं होतं गलका होईल. झाला नाही. प्रदीपदादा माझ्याकडे असे बघत राहिले की मी ओळखीचा नाहीच. मग काका उठले आणि नारळाचं खरं सांगून खाली बसले. त्यांना कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. मला कुणी काही दिलं नाही, ते बरंच झालं. कोणीतरी जाऊन पंपाचा खटका खाली ओढून आलं. मनाशी म्हटलं, संपलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलंही. खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकसुद्धा वाटलं माझं मला.

तेवढ्यात दमयंतीकाकू पुढे आल्या. "यात माजी हीर कुठली?"

मी काडी दाखवली. लाल रंग तिच्यापासून चाळीस मीटर अलीकडे थांबला होता.

"म्हंजे माजी चांगली हाय?"

"हे जानेवारीचं आहे, काकू."

"आनि आजचं?"

"आज मोजलेलं नाही."

"मग मोज," त्या म्हणाल्या.

निम्मी आळी मागोमाग आली. काकूंनी बादली स्वतः सोडली, स्वतः ओढली. मी मीटरचं टोक पाण्यात धरलं. जानेवारीत सहाशेच्याही खाली असलेला आकडा चढत गेला आणि थांबला. चार हजार शंभर.

"म्हंजे काय?"

आकड्यामागे लपायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, "म्हणजे पिऊ नका. आणि वेलींना तर घालूच नका, काकू. या पाण्याने वेली मरतात."

त्यांनी मळ्याकडे पाहिलं. खालच्या दोन रांगा पार वाळल्यात, वरच्या पिवळ्या. दोराचं टोक अजून त्यांच्या हातात होतं.

"वेली मरतात ते तुला आज कळलं?"

"नाही."

"पाणी मचूळ लागलं तवा वाटलं, उन्हाळ्यानं आटलंय. पानं पिवळी पडली तवा मला वाटलं, उन्हानं करपतात. म्हून मी पाणी वाढवलं. सकाळचं घालत होते ते सांजचंबी घालायला लागले. तू येता-जाता बघत होतास रे. हात करत होतास."

तीन महिने मी या वहीत माझी लाज लिहितोय. माझं नाव, माझं तोंड, काकांचं नाव. यात एकदाही असं आलं नाही की काकूंना थांबवायचं आहे. नुसतं कुंपणावरून हाक मारून म्हणायचं होतं, काकू, आज पाणी घालू नका. कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. त्यांनी ऐकलं असतं. आळीतला शिकलेला पोर मी.

मी मीटर पुसत राहिलो. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी बादली उचलली, सवयीने मळ्याकडे दोन पावलं टाकली आणि थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका बाजूला वेली, एका बाजूला पोफळी, मागे अळू. मग सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "आता हे कुठं ओतू?"